किडनीतली गाठ साधी की कॅन्सरची: बुडबुड्यांची सोनोग्राफी कितपत सांगते?

गौरी_कारेलीबाग

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आणि बाहेरच्याही सगळ्यांचे अनुभव हवे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू, क्रिएटिनिन २.१, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) ३३. रात्री लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली. प्रोस्टेटचं निघायचं ते निघालंच, पण रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ आली. डाव्या किडनीच्या मधल्या भागात २.६ सेंटिमीटरचा हायपोएकोइक, म्हणजे सोनोग्राफीत आजूबाजूपेक्षा काळसर दिसणारा भाग, गाठ आहे की किडनीचाच फुगवटा हे स्पष्ट नाही, कॉन्ट्रास्ट सीटी करावा. तेव्हापासून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे.

किडन्या आधीच कमकुवत म्हणून पहिल्यांदा साधा सीटी केला, शिरेतून औषध न देता. त्यात तो भाग ३४ हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक) आला. चरबी नाही, कॅल्शियम नाही. युरॉलॉजिस्ट म्हणतात आता सीईयूएस करू, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन सोनोग्राफी. पुण्याचा भाऊ म्हणतो सरळ कॉन्ट्रास्ट सीटी करून मोकळे व्हा. मामा म्हणतात काही करा पण सुई लावू देऊ नका, गाठीला सुई लागली की पसरते. आई देवघरातून उठत नाही.

या तपासणीने गाठ साधी की कॅन्सरची हे खरंच कळतं का? कोणी करून घेतली आहे का?

तात्या_दांडियाबझार

गौरी, आधी आईला देवघरातून उठव आणि चहा दे. सोनोग्राफीत अचानक दिसलेली प्रत्येक गोष्ट वाईट नसते. माझ्या दोन्ही किडन्यांत सिस्ट आहेत, दरवर्षी मोजतात, आणि मी रोज खंडेराव मार्केटपर्यंत पायी जाऊन भाजी आणतो. बुडबुड्यांचं मला ठाऊक नाही, जाणकार लिहितीलच.

अमोघ_मांजलपूर

ईजीएफआर ३३ असताना सीटीचं कॉन्ट्रास्ट? माझा तरी ठाम विरोध. सासऱ्यांना एका ठिकाणी क्रिएटिनिनचा रिपोर्ट न बघताच दिलं. नंतर क्रिएटिनिन चढलं ते काही महिने खाली आलं नाही. नाव लिहीत नाही, पण तेव्हापासून आमच्याकडे कोणालाही सीटीला नेलं की मी रक्ताचा रिपोर्ट हातात धरूनच टेबलाशी उभा राहतो.

क्षकिरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळचा रावपुऱ्यातला. बाबांचे फोटो मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

सुरुवात त्या ३४ पासून करू, कारण तो आकडा बरंच सांगतो. साध्या सीटीवर पाणी शून्याच्या आसपास येतं. पाण्याची साधी सिस्ट असती तर २० च्या आत आली असती. चरबी असती तर आकडा उणे आला असता, आणि अँजिओमायोलायपोमा म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची साधी गाठ, असं बहुतेक तिथेच म्हणता आलं असतं. सगळीकडे एकसारखा आणि ७० च्या वर असता तर जुनं रक्त साकळलेली सिस्ट म्हणून सोडून देता आलं असतं. ३४ मधे लटकतो. किडनीचा स्वतःचा मांसल भागही औषधाशिवाय ३० ते ४० च्या घरातच असतो. त्यामुळे शक्यता उरतात तीन: दाट द्रव किंवा जुनं रक्त असलेली सिस्ट, किडनीच्या सालीचाच आत शिरलेला भाग ज्याला बर्टिनचा स्तंभ म्हणतात, किंवा खरीखुरी घट्ट गाठ.

या तिघींना वेगळं करायला विचारायचं एवढंच: आत रक्त जातं का? आणि जात असेल तर शेजारच्या किडनीसारखंच जातं का?

बुडबुड्यांची सोनोग्राफी नेमकं हेच पाहते. बुडबुडा म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचा थेंब, वर फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. सरासरी आकार अडीच मायक्रोमीटर; तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटरची. म्हणून तो फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांतून आरामात पार होतो, पण रक्तवाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडत नाही. चांदोदला नर्मदेत दिवे सोडले की अंधारातही प्रवाह कुठे आहे आणि कुठे नाही ते कळतं, तसं हे. सीटीच्या कॉन्ट्रास्ट औषधातलं आयोडीन रक्तवाहिनीबाहेर झिरपतं आणि शेवटी किडनीलाच ते गाळून टाकावं लागतं. बुडबुड्यांचा वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर त्याचा भार पडत नाही. क्रिएटिनिन २.१ असलेल्या माणसासाठी हा मोठाच फायदा.

इंजेक्शननंतर दहा-पंधरा सेकंदांत किडनीची साल उजळते, मग अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत आतले पिरॅमिड भरत जातात. सिस्ट असेल तर ती जागा शेवटपर्यंत काळी राहते. बर्टिनचा स्तंभ असेल तर किडनीबरोबरच उजळतो आणि किडनीबरोबरच विझतो, वेगळा काढताच येत नाही. खरी गाठ असेल तर कुठे ना कुठे लय चुकते. जास्त उजळते, कमी उजळते, उशिरा उजळते किंवा आधी विझते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पहिल्या दोन शक्यतांत उत्तर जवळपास पक्कं मिळतं. तिसऱ्यात मिळत नाही. गाठ घट्ट आहे आणि तिच्यात रक्त खेळतंय इतकं ठरलं, तरी ती कॅन्सरची की ऑन्कोसायटोमासारखी साधी, हे बुडबुडे खात्रीने सांगू शकत नाहीत. सीटी आणि एमआरआयचीही तिथे पंचाईतच होते.

गौरी_कारेलीबाग

क्षकिरण, किती आभार मानू. ३४ चा अर्थ आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. एक शंका: बाबांना सल्फाच्या गोळ्यांची जबर अ‍ॅलर्जी आहे, अंगभर पुरळ आलं होतं. औषधात सल्फर आहे म्हणता, मग चालेल?

ब्रेकर_मकरपुरा

थांबा थांबा, सल्फर हेक्झाफ्लोराइड म्हणजे आमचा एसएफ-६? मी आयुष्यभर मकरपुऱ्यात सर्किट ब्रेकरच्या कामात आहे. हाय व्होल्टेज ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला हाच वायू भरतात. हवेच्या पाचपट जड, आणि विजेला हवेपेक्षा अडीच-तीन पट जास्त अडवतो. तो माणसाच्या शिरेत सोडतात हे वाचून खुर्चीतून उठलो! आमच्याकडे गळती झाली की केवढी धावपळ, कारण हवामान तापवण्यात हा कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त.

क्षकिरण

तोच. वायू इतका निष्क्रिय आहे की शरीरात कशाशीच रसायनक्रिया करत नाही, म्हणून तर निवडला. आणि प्रमाण पाहा: तयार औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये वायू फक्त ८ मायक्रोलिटर. किडनीसाठी एका वेळी एक ते अडीच मिलिलिटर औषध पुरतं. म्हणजे वायू टाचणीच्या डोक्याएवढा.

गौरी, सल्फाच्या गोळ्या आणि हा वायू यांचा काही संबंध नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी आडवी येत नाही. पण डॉक्टरांना सांगाच, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेल्या कुठल्या औषधाने, उदाहरणार्थ कोलोनोस्कोपीआधीच्या पोट साफ करायच्या पावडरीने, कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा, कारण या औषधात ते असतं. गंभीर अ‍ॅलर्जी फार क्वचित होते. इटलीत पोटाच्या २३ हजारांहून जास्त तपासण्यांची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात गंभीर त्रास दहा हजारांत एकापेक्षाही कमी जणांना झाला. तरी तपासणीनंतर अर्धा तास बसवून ठेवतात आणि तयारी जवळ असते.

ब्रेकर_मकरपुरा

उद्या कँटीनमध्ये सगळ्यांना हे सांगणार.

लीलो_चेवडो

ब्रेकरभाऊ, सांगताना प्रमाणसुद्धा सांगा, नाहीतर कोणीतरी सिलिंडर घेऊन दवाखान्यात जाईल.

मेधा_वाघोडियारोड

आमचा अनुभव लिहिते. धाकट्या दिराला तीन सेंटिमीटरची गाठ निघाली होती. बुडबुड्यांची सोनोग्राफी केली, गाठ झपाट्याने उजळली. मग कॉन्ट्रास्ट सीटी. दोन्हीकडे संशय कायम. दुर्बिणीतून ऑपरेशन करून फक्त गाठीचा भाग काढला, बाकी किडनी वाचली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: ऑन्कोसायटोमा, म्हणजे साधी! घरात पेढे वाटले, पण सासूबाई अजून म्हणतात, साधी होती तर पोराचं पोट कापलंच कशाला? गौरीताई, म्हणून सांगते, या तपासणीवर फार आशा ठेवू नका. पैसे गेले आणि उत्तर मिळालं नाही.

आनंद_सयाजीगंज

मेधाताई, उत्तर मिळालं की. गाठ घट्ट आहे आणि रक्त घेतेय, हे कळलं. त्यावरच पुढचा निर्णय झाला.

मेधा_वाघोडियारोड

आनंदभाऊ, ते तर सीटीतही कळलं असतं. मग दोन्हींचा खर्च का? दिराचं क्रिएटिनिन अगदी नॉर्मल होतं.

क्षकिरण

मेधाताईंचा मुद्दा बरोबर आहे. क्रिएटिनिन नॉर्मल असलेल्या तरुण माणसाला घट्ट गाठीसाठी पहिली तपासणी कॉन्ट्रास्ट सीटीच. त्यांच्या दिराच्या बाबतीत बुडबुड्यांनी नवं काही दिलं नाही.

पण सासूबाईंना एक सांगा. लहान, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आतल्या घट्ट गाठी काढल्या, तर साधारण पाचांतली एक साधी निघते. जगभर हे असंच आहे, चांगल्यातल्या चांगल्या केंद्रांतही. ऑन्कोसायटोमा बाहेरून पाहता कॅन्सरसारखाच वागतो. मध्ये चांदणीसारखा व्रण दिसला तर शंका येते, पण तसा व्रण कॅन्सरच्या गाठीतही दिसू शकतो. अँजिओमायोलायपोमात चरबी नगण्य असेल तर तोही फसवतो. उलट पॅपिलरी जातीचा कॅन्सर रक्त इतकं कमी घेतो की सीटीवर कधीकधी दाट सिस्टसारखा वाटतो. तिथे मात्र बुडबुडे कामाला येतात, थोडंसं रक्त शिरलं तरी पकडतात.

अभ्यासू

एक अडचण कोणी लिहीत नाहीये. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि पेशंटच्या अंगकाठीवर अवलंबून आहे. पोट सुटलेलं असेल, आतड्यात वायू असेल, गाठ खोल असेल तर चित्र धड येत नाही. भिंतीला कॅल्शियम असेल तर त्याच्या मागचं झाकलं जातं. आणि एका इंजेक्शनमध्ये पहिली वीस-तीस सेकंदं एकच जागा नीट पाहता येते. सीटीत दोन्ही किडन्या, शिरा, लिम्फ ग्रंथी, लिव्हर, फुफ्फुसांचा तळ एका फेरीत येतं.

दुसरं, अमोघ यांनी कॉन्ट्रास्टची जी भीती घातली ती आता तितकी मानली जात नाही. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी या दोन्ही संस्थांनी २०२० मध्ये मिळून मत दिलं, त्यात खास काळजी घ्यायची ती मुख्यतः ईजीएफआर ३० च्या खाली किंवा किडनीला अचानक इजा झालेली असताना. ३३ ला सीटी वर्ज्य नाही.

अमोघ_मांजलपूर

कागदावर ३३ आणि ३० मध्ये तीनच आकडे आहेत साहेब. उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब झाले की ३३ चे २५ होतात. सासऱ्यांच्या वेळी आम्ही जे पाहिलं त्यानंतर मी तरी ताकही फुंकून पिणार.

क्षकिरण

दोघांचंही म्हणणं एकत्र बसतं. ३३ ला सीटी करता येतो, पाणी नीट देऊन, ताजं क्रिएटिनिन बघून. पण प्रश्न एका ठिकाणच्या एका डागाचा असेल आणि बुडबुडे तो सोडवू शकत असतील, तर पहिली पाळी त्यांची. नाही सुटला तर सीटी किंवा एमआरआय आहेच. युरोपातल्या अल्ट्रासाऊंड संस्थांच्या महासंघाने लिव्हर सोडून इतर अवयवांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यांत किडनीसाठी हेच उपयोग सांगितलेत: सिस्ट की घट्ट गाठ, खरी गाठ की किडनीचाच भाग, आणि गुंतागुंतीच्या सिस्टचं वर्गीकरण.

अभ्यासू यांची यादी मात्र पूर्ण मान्य. आणि गाठ कॅन्सरची ठरली तर किती पसरलीय हे पाहायला सीटी लागतोच.

नर्मदाकाठ

अवांतर: डाव्या किडनीला कुबड असतं, त्याला उंटाचं नाव आहे, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. खरं का?

क्षकिरण

खरं. ड्रोमेडरी हम्प. वर प्लीहा टेकलेली असते, तिच्या दाबाने डाव्या किडनीच्या बाहेरच्या कडेला फुगवटा येतो. पूर्ण नॉर्मल. साध्या सोनोग्राफीत याच्यामुळे बऱ्याच जणांची झोप उडते.

लीलो_चेवडो

म्हणजे गौरीताईंच्या बाबांच्या पोटात उंट निघाला तर आपण सगळे कमाटी बागेत भेळ खायची.

गौरी_कारेलीबाग

लीलो चेवडो, मंजूर! आईला हे वाचून दाखवलं, हसली.

सुईबद्दल कोणी सांगेल का? मामा रोज फोन करून तेच बजावताहेत.

डॉ_मीनल

मी पॅथॉलॉजिस्ट, सध्या सुरतेला. मामांची भीती खूप जुन्या काळातली आहे. आता बायोप्सीची सुई बाहेरच्या नळीतून आत जाते, त्यामुळे सुईच्या वाटेवर कॅन्सर पेरला जाणं अत्यंत दुर्मीळ झालं आहे. खरी अडचण वेगळी: काही बायोप्सींत पुरेसा तुकडाच मिळत नाही आणि पुन्हा करावी लागते. रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी थांबवतात. वय जास्त, किडनी कमजोर, गाठ लहान, अशा वेळी ऑपरेशन टाळता येतं का हे ठरवायला बायोप्सी फार उपयोगी पडते. पाण्याच्या सिस्टमध्ये मात्र सहसा करत नाहीत.

म्हणजे क्रम असा ठेवा: आधी रक्त जातं का ते पाहा. जात नसेल तर सुईचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि मामांचा फोनही बंद होईल.

सुनंदा_अलकापुरी

मला प्रेग्नन्सीच्या आधी तपासणीत पांढरी चमकदार गाठ दिसली होती, दीड सेंटिमीटर. सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या चरबीची दिसतेय, पण पांढरी दिसली म्हणजे नक्की साधीच असं नाही, लहान कॅन्सरच्या गाठीही कधी पांढऱ्या दिसतात. साध्या सीटीत चरबी दिसली, तिथेच विषय संपला. ही गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे वाढली तर फुटून रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वर्षातून एकदा मोजतात. बुडबुडे लागले नाहीत. प्रत्येक गाठीला प्रत्येक तपासणी लागत नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

जयंत_प्रतापनगर

गौरी, शेजारीच नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे, १९७८ पासून फक्त किडनी आणि मूत्रमार्गाचंच काम. दुसरं मत घ्यायचं असेल तर तासाभराचा रस्ता. आमच्या सगळ्या मुतखड्यांची वारी तिथेच झाली आहे. सगळे रिपोर्ट आणि सीटीची डिस्क घेऊन जा, नुसती रिपोर्टची झेरॉक्स नको.

गौरी_कारेलीबाग

मंडळी, तपासणी झाली. सगळं सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल.

बाबांना उपाशी राहायला सांगितलं नव्हतं, हलकं खाऊन या म्हणाले. कोपराच्या आतल्या शिरेत जाड सुई लावली. बारीक सुईत बुडबुडे फुटतात म्हणून जाड लागते असं सिस्टर म्हणाल्या. मला आत उभं राहू दिलं. छोट्या बाटलीत पांढरी पूड होती, तिच्यात सलाइन घालून डॉक्टरांनी ती हातात धरून जोरजोरात हलवली, आतलं पाणी दुधासारखं झालं. अर्धा स्क्रीन नेहमीच्या सोनोग्राफीचा, अर्धा जवळजवळ काळा. औषध दिलं, मागून सलाइन दिलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, “काका, कांई नथी, शांतिथी श्वास ल्यो.”

काळ्या बाजूला काही नाही, काही नाही, आणि मग एकदम किडनीची कड सोनेरी झाली. मग आतलं सगळं हळूहळू भरलं. आणि मधोमध तो भाग तसाच, गोल, काळा. दोन-तीन मिनिटं प्रोब तिथून हलवला नाही. मध्येच त्यांनी बटण दाबून सगळे बुडबुडे एका झटक्यात फोडले आणि किडनी पुन्हा कशी भरते ते पाहिलं. ती भरली, तो भाग नाही. दुसऱ्या डोसमध्ये गाठीची भिंत आणि दुसरी बाजू पाहिली. भिंतीवरून एखाद-दुसरा बुडबुडा सरकताना दिसला, आत एकही गेला नाही.

रिपोर्ट: दाट द्रव किंवा जुनं रक्त असलेली सिस्ट, आत रक्तप्रवाह नाही, भिंत पातळ. वर्ग दोन. सहा महिन्यांनी साधी सोनोग्राफी.

बाबांनी दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं की आता सेव उसळ खाल्ल्याशिवाय घरी येणार नाही.

तात्या_दांडियाबझार

वा! वा! आईला माझा नमस्कार सांग. बाबांना एक प्लेट माझ्याकडून.

डॉ_मीनल

खूप बरं वाटलं. पण तात्या, ईजीएफआर ३३ ला ती तिखट-खारट तरी जरा बेतानेच! गौरी, सेव उसळ अर्धी प्लेट, तरी वेगळी ठेवायला सांग.

अमोघ_मांजलपूर

गौरीताई, मनापासून आनंद झाला. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करायला सांगितलं होतं का?

गौरी_कारेलीबाग

नाही. या औषधासाठी गरज नाही म्हणाले. नंतर क्रिएटिनिन पुन्हा तपासायलाही सांगितलं नाही.

अभ्यासू

अभिनंदन. वर्ग दोन म्हणजे बॉस्निएकच ना? तो तर सीटीसाठी आहे.

क्षकिरण

हो, न्यूयॉर्कचे मॉर्टन बॉस्निएक यांनी १९८६ मध्ये सीटीसाठी मांडलेलं वर्गीकरण. एक आणि दोन म्हणजे साधी. दोन-एफ म्हणजे लक्ष ठेवायची. तीनमधल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, चारमधल्या दहांतल्या नऊ. २०१९ मध्ये सीटी आणि एमआरआयसाठी त्यात सुधारणा झाल्या आणि २०२० मध्ये युरोपच्या महासंघाने बुडबुड्यांसाठी वेगळी आवृत्ती मांडली. वेगळी का लागली, तर बुडबुड्यांना सीटीहून बारीक पडदे दिसतात. तीच सिस्ट सीटीवर दोन आणि बुडबुड्यांवर दोन-एफ किंवा तीन येऊ शकते. रिपोर्टवर वर्ग कुठल्या तपासणीने दिलाय ते जरूर पाहा. एका वर्षी सीटी आणि पुढच्या वर्षी बुडबुडे अशी तुलना केलीत तर काहीही न बदलता सिस्ट ‘वाढल्या’सारखी वाटेल.

गौरी, त्या तपासणीची व्हिडिओ क्लिप डिस्कवर मागून घ्या. छापलेल्या फोटोत वेळ कळत नाही, आणि या तपासणीत सगळं वेळेवरच आहे.

मेधा_वाघोडियारोड

गौरीताई, छान बातमी. सासूबाईंना पाचांतल्या एकाची गोष्ट वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, म्हणजे आपला पोरगा त्या पाचांतला नशीबवान.

रश्मी_गोत्री

धागा वाचून एक विचारते. आईच्या उजव्या किडनीत साडेतीन सेंटिमीटरची घट्ट गाठ आहे, रंगीत डॉपलरमध्ये आत रक्त दिसतंय. वय ६२, क्रिएटिनिन ०.९, अ‍ॅलर्जी नाही. सोमवारी कॉन्ट्रास्ट सीटी ठरलाय. हे सगळं वाचून वाटतंय तो रद्द करून आधी बुडबुड्यांची करावी, रेडिएशनही नाही.

क्षकिरण

रश्मी, सोमवारचा सीटी रद्द करू नका. आईच्या गाठीत रक्त जातं हे डॉपलरनेच सांगितलंय. बुडबुडे तेच पुन्हा सांगतील. आता विचारायचं आहे ते वेगळं: गाठ किडनीच्या मुख्य शिरेच्या किती जवळ आहे, शिरेत शिरली आहे का, दुसरी किडनी कशी आहे, बाहेर कुठे काही आहे का, फक्त गाठ काढून किडनी वाचेल का. याची उत्तरं सीटी देतो. क्रिएटिनिन ०.९ ला कॉन्ट्रास्टची भीती नाही. ६२ व्या वर्षी एका सीटीच्या रेडिएशनपेक्षा अर्धवट माहितीवर केलेलं ऑपरेशन जास्त महाग पडतं.

रश्मी_गोत्री

समजलं. सोमवारी जातो. बायोप्सीचं त्यानंतर विचारू का?

डॉ_मीनल

सीटीनंतरच. युरॉलॉजिस्टना सरळ विचारा की बायोप्सीचा रिपोर्ट आला तर तुमचा निर्णय बदलेल का. ते म्हणाले बदलेल, तर करा. गाठ काढायचीच असं त्यांचं ठरलं असेल आणि आईची तब्येत ऑपरेशनला चांगली असेल, तर पुष्कळदा बायोप्सीशिवायच पुढे जातात. सीटी झाला की रिपोर्ट इथे टाका, नाव आणि दवाखान्याचा नंबर खोडून.